सहाच उंदीर का? कोल्हापूर जिल्ह्यातील प्राणी नीती समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संस्थात्मक प्राणी नीती समित्या,
कोल्हापूर जिल्ह्यातील फार्मसी, आयुर्वेद आणि विज्ञान महाविद्यालये.

स. न. वि. वि.

एम. फार्म.चे सिनॉप्सिस ठरले की आपल्यापुढे फॉर्म बीचा, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाला मंजुरी मागणाऱ्या अर्जांचा, गठ्ठा येतो. एका बैठकीत पंधरा-वीस प्रस्ताव असतात आणि त्यातले निम्मे एकाच साच्यातून काढलेले: अमुक झाडाच्या पानांचा अर्क, मधुमेह केलेले विस्टार जातीचे उंदीर, पाच ग्रुप, प्रत्येक ग्रुपात सहा, डोस किलोला २०० आणि ४०० मिलिग्रॅम. चहा येतो, सह्या होतात, गठ्ठा संपतो. हे पत्र लिहिणारे आम्ही औषधशास्त्र शिकवणारे, पशुवैद्य आणि प्राणिगृह सांभाळणारे लोक आहोत. आमचे म्हणणे असे, की आपल्याकडच्या प्रयोगशाळांत प्राण्यांचे जे हाल होतात ते सहसा कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाहीत. आकडे न विचारता दिलेल्या मंजुरीमुळे होतात. पतसंस्थेचा ऑडिटर व्हाउचर बघतो तसा प्रस्ताव बघितला, तर यातले बरेच प्राणी पिंजऱ्यात येणारच नाहीत, आणि जे येतील त्यांच्यापासून निदान काही कळेल तरी.

प्राण्यांवरचे सगळे प्रयोग बंद करा, अशी आमची मागणी नाही. या जिल्ह्यात ऊसतोडीत किंवा भाताच्या खाचरात साप चावला की दवाखान्यात जी लस, म्हणजे प्रतिविष, देतात ती घोड्यांच्या रक्तातून काढलेली असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर ती चालते, आणि तिची ताकद उंदरांवर तपासली जाते. तिथे उंदीर का मेला, याचे उत्तर देता येते. आमचा प्रश्न ज्या प्रयोगांना असे उत्तर नाही त्यांच्याबद्दल आहे.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्रयोगांना परवानगी देतो, पण त्याच्याच कलम १७ मध्ये म्हटले आहे की महाविद्यालयांसारख्या ठिकाणी पुस्तके, मॉडेल, फिल्म अशा साधनांनी भागत असेल तर प्राणी वापरणे टाळावे, आणि निव्वळ हाताचे कौशल्य मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत. बी. फार्म.च्या अभ्यासक्रमात तर प्राण्यांवरची सगळी प्रात्यक्षिके सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायची, असे छापलेलेच आहे. तरीही 'परीक्षेआधी पोरांचा हात बसावा' म्हणून दोन-चार उंदीर बाहेर काढायची सवय काही ठिकाणी गेलेली नाही. हे उंदीर कोणत्याही प्रस्तावात नसतात. साठा नोंदवही आणि फॉर्म डी, म्हणजे प्रयोगात वापरलेल्या प्राण्यांची नोंद, शेजारी ठेवून बेरीज केली की ते सापडतात.

आता मुद्द्याकडे येतो. पहिला प्रश्न डोसाचा. २०० आणि ४०० हे आकडे येतात कुठून? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीने तीव्र विषारीपणा तपासताना किलोला २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. तीन माद्या, काही झाले नाही तर आणखी तीन, १४ दिवस निरीक्षण. एकही मेली नाही की २००० चा दहावा भाग २०० आणि पाचवा भाग ४००, आणि डोस ठरला! झाड कोणतेही असो, आजार कोणताही असो. आता हाच डोस माणसावर मांडून बघा. उंदराच्या डोसाला ६.२ ने भागले की अंगाच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसाचा डोस येतो. ४०० भागिले ६.२ म्हणजे किलोला साधारण ६४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ३.९ ग्रॅम कोरडा अर्क. पाल्यातून अर्काचा उतारा १० टक्के पडला तर रोज ३९ ग्रॅम वाळलेला पाला, तोही अल्कोहोलमध्ये काढलेला. हे औषध कोण, कसे आणि किती दिवस घेणार, हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारा. उत्तर आले नाही तर त्या प्रयोगातून औषध निघणार नाही; पेपर निघेल.

त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की हे आधी कुणी केले आहे का. कारले, मेथी, जांभूळ, कडुनिंब, गुळवेल यांचा रक्तातल्या साखरेवर परिणाम किती वेळा तपासून झाला आहे याची गणती नाही. राधानगरी किंवा आंबा घाटातून नवी वनस्पती आणली असेल, तिची ओळख शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात पटवून घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. पण तरीही अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज या दोन विकरांना तो अर्क रोखतो का, हे काचेच्या नळीत आधी बघता येते. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रत्येक कॉलेजात आहे. पेशींवर तपासायचे तर पेशींच्या वाणांसाठी पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, कोल्हापूरपासून एका दिवसाच्या अंतरावर. नळीत काहीच दिसले नाही तर साखरेवर तो अर्क वेगळ्या वाटेने काम करतो असे मानायला काय आधार आहे, हे प्रस्तावात लिहून मागावे. आधार नसेल तर प्रस्ताव परत.

दुसरा प्रश्न संख्येचा. सहाच का? विचारले तर 'सगळे सहाच घेतात' हे उत्तर मिळते. साधा हिशेब असा: एकूण प्राण्यांतून ग्रुपांची संख्या वजा करायची, उत्तर १० ते २० च्या दरम्यान यायला हवे. पाच ग्रुप गुणिले सहा म्हणजे ३०, वजा ५, उत्तर २५. म्हणजे प्राणी जादा आहेत. प्रत्येकी पाच घेतले तर २० येतात, प्रत्येकी चार घेतले तर १५. हा ढोबळ नियम आहे आणि आधीची काहीच माहिती नसताना वापरायचा. आधीच्या कामातून सरासरी आणि प्रमाण विचलन माहीत असेल तर जी-पॉवर हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर नेमकी संख्या देते. कधी कधी ते सहाऐवजी नऊ सांगेल. तेव्हा नऊच द्यावेत, कारण सहामध्ये उत्तर येणारच नसेल तर ते सहाही फुकट गेले. कमी प्राणी म्हणजे आपोआप जास्त नीती, असा सोपा हिशेब इथे चालत नाही.

याच संख्येत सगळ्यात मोठी बचत लपलेली असते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. एकाच कॉलेजात एकाच वर्षी तीन विद्यार्थी स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून केलेला मधुमेह वापरतात. प्रत्येकाचा निरोगी ग्रुप वेगळा, आजारी ग्रुप वेगळा, मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड या नेहमीच्या औषधाचा ग्रुप वेगळा. तीन विद्यार्थी गुणिले तीन ग्रुप गुणिले सहा म्हणजे ५४ उंदीर. तिघांनी एकाच आठवड्यात, एकाच बॅचच्या उंदरांवर, अर्कासाठी एकच माध्यम वापरून काम सुरू केले तर हे तिन्ही ग्रुप सामाईक चालतात. १८ उंदरांत भागते, ३६ वाचतात. यासाठी नवे यंत्र लागत नाही. तीन गाईडांनी एकत्र बसायला लागते. ते कधी कधी यंत्रापेक्षा महाग पडते, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून हे काम समितीनेच अंगावर घ्यावे: एकाच मॉडेलचे, म्हणजे आजार घडवायच्या एकाच पद्धतीचे, प्रस्ताव एकत्र काढून एकाच तारखेला लावावेत.

निवडीचेही तेच. पिंजऱ्यात हात घातल्यावर जो उंदीर आधी हाताला लागतो तो सुस्त असतो, आणि तो पहिल्या, म्हणजे औषध न देता तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल ग्रुपात जातो. चपळ शेवटी सापडतात आणि औषधाच्या ग्रुपात जातात. मग औषधाने उंदीर तरतरीत झाले असे निष्कर्षात येते. उपाय म्हणजे शेपटीवर क्रमांक घालायचे आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी करायची. पंजाची सूज किंवा वेदनेला दिलेला प्रतिसाद मोजणाऱ्याला कोणता ग्रुप कोणता हे कळता कामा नये. औषधाच्या बाटल्यांवर क, ख, ग लिहायचे आणि कोणते अक्षर कोणत्या ग्रुपाचे ती यादी गाईडच्या कपाटात ठेवायची. खर्च शून्य. हे न करता केलेला प्रयोग चांगल्या नियतकालिकात छापला जात नाही, म्हणजे ते तीस उंदीर केवळ वाचनालयातल्या काळ्या बांधणीच्या प्रबंधासाठी गेले.

आता मधुमेहाच्या या मॉडेलवर जरा थांबतो, कारण जिल्ह्यात सगळ्यात जास्त उंदीर यातच मरतात आणि त्यातले बरेच मरणे टाळता येते. स्ट्रेप्टोझोटोसिन उणे २० अंशांवर ठेवायचे असते. ते ०.१ मोलर सायट्रेट बफरमध्ये, सामू ४.५ ठेवून, टोचायच्या क्षणीच विरघळवायचे, बर्फावर ठेवायचे, आणि काही मिनिटांत संपवायचे. सामू सातच्या आसपास गेला की ते झपाट्याने निकामी होते. अर्धा तास टेबलावर राहिलेल्या द्रावणाने निम्म्या उंदरांना मधुमेह होत नाही. मग विद्यार्थी दुसऱ्यांदा टोचतो, आणि त्यात मूत्रपिंड जाते. डोस किलोला ४५ ते ६५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० धरला तर २०० ग्रॅमच्या उंदराला १० मिलिग्रॅम. मिश्रण हिशेबाने आधी करून ठेवता येत नाही, म्हणून एकाने उंदीर धरायचा, एकाने वजन सांगायचे, एकाने टोचायचे. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपत नाही.

खरी गोची पुढे आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी फोडते तेव्हा त्यांच्यातले साठलेले इन्सुलिन एकदम रक्तात येते. काही तासांतच साखर कोसळते. त्या रात्री पाण्याच्या बाटलीत ५ ते १० टक्के ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी नसेल तर सकाळी पिंजऱ्यात ताठ झालेले उंदीर मिळतात. विद्यार्थी 'टोचून सहाला घरी गेलो' म्हणतो, कारण शेवटची एसटी असते. प्रस्तावात पहिल्या २४ ते ४८ तासांत साखरेचे पाणी कोण घालणार, रात्री कोण बघणार, हे नावानिशी लिहून घ्या. ७२ तासांनी शेपटीच्या टोकाच्या एका थेंबावर ग्लुकोमीटरने साखर बघायची. उपाशीपोटी २५० च्या वर असेल तो उंदीर मधुमेही धरायचा.

मधुमेही उंदीर कितीतरी पट जास्त पाणी पितो आणि तितकेच मुततो. आठवड्यातून दोनदा तूस बदलण्याचा जो नियम आहे तो या पिंजऱ्यांना लागू होत नाही. इथे रोज बदलावे लागते, कधी दोनदा. पाण्याची बाटली रात्रीत रिकामी होते. हे झाले नाही की ओल्या तुसात अमोनिया साठतो, नाकाडोळ्यांभोवती लालसर कड दिसू लागते. पुष्कळ विद्यार्थी ते रक्त समजतात. ते रक्त नसते. डोळ्याच्या मागच्या ग्रंथीतून येणारा तो रंगीत स्राव असतो, आणि उंदीर ताणाखाली किंवा आजारी असल्याची ती सगळ्यात सोपी खूण आहे. वजन २० टक्क्यांनी घटले, पाठ कमानीसारखी झाली, केस उभे राहिले, हाताला अंग गार लागले, की तो उंदीर प्रयोगातून काढून वेदनारहित मरण द्यायचे, २८ वा दिवस येईपर्यंत थांबायचे नाही. हा 'दयाळू अंतबिंदू', म्हणजे प्राण्याचे हाल वाढण्याआधी थांबायची खूण, प्रत्येक प्रस्तावात असतो, पण वाक्याच्या रूपात. तो तक्त्याच्या रूपात हवा: रोजची तारीख, वजन, खूण, सही.

आणखी एक. सुरुवातीला आठ टोचायचे, दोन मेले तर सहा उरतात, आणि प्रबंधात सहाच लिहायचे, ही पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की तिच्यात काही खोटे आहे असे कुणाला वाटत नाही. मेलेल्या उंदरांची नोंद आणि कारण प्रबंधात आलेच पाहिजे, अशी अट मंजुरीपत्रातच घाला.

रक्त किती काढायचे, हाही कागदावर सुटणारा प्रश्न आहे. उंदराच्या अंगात किलोला साधारण ६४ मिलिलिटर रक्त असते. २०० ग्रॅमच्या उंदरात १३ मिलिलिटर. एका वेळी त्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, म्हणजे १.३ मिलिलिटर. आठवड्याला दीड-दोन मिलिलिटर लिपिड प्रोफाइलसाठी मागणारा प्रस्ताव समोर आला तर तिथेच थांबा; तो उंदीर मधुमेहाने नाही, पांडुरोगाने आजारी पडेल. डोळ्याच्या कोपऱ्यातून केशनळी घालून रक्त काढायची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास चालते, कित्येकदा भूल न देता. शेपटी कोमट पाण्यात थोडा वेळ धरून शेपटीच्या शिरेतून, किंवा मागच्या पायाच्या बाहेरच्या शिरेतून रक्त मिळते. वेळ लागतो, सराव लागतो. हृदयातून रक्त घ्यायचे तर खोल भूल देऊन, आणि त्यानंतर प्राणी उठता कामा नये.

भूल म्हटले की ईथर. डेसिकेटरमध्ये, म्हणजे झाकणाच्या काचेच्या भांड्यात, ईथरचा बोळा टाकून त्यात उंदीर सोडणे हे दृश्य अजून दिसते. ईथर श्वासनलिकेला झोंबते, तोंडातून फेस येतो, प्राणी तडफडतो, आणि फ्रिजच्या ठिणगीने पेट घेते ते वेगळेच. ईथर लिहिलेला प्रस्ताव आता मंजूरच होऊ नये. केटामिन आणि झायलेझिन एकत्र, पोटात टोचून, हे कोणत्याही पशुवैद्याला जमते. त्यात उंदीर भुलीने क्वचित मरतो. अंग गार पडून मरतो. खाली गरम पॅड किंवा कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली आणि उघड्या राहणाऱ्या डोळ्यांत मलम, एवढ्याने बरेच भागते.

मरण देताना कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर पेटी आधी भरून ठेवू नका आणि कोरडा बर्फ वापरू नका. सिलिंडर, रेग्युलेटर आणि फ्लोमीटर हवा. पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वायू दर मिनिटाला, म्हणजे २० लिटरच्या पेटीत मिनिटाला ६ ते १४ लिटर. श्वास थांबल्यावरही वायू थोडा वेळ चालू ठेवायचा आणि मग मान निखळवून किंवा छाती उघडून मृत्यूची खात्री करायची. ही खात्री न करता जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलेला उंदीर पिशवीत हलू लागतो. प्राणिगृहात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

सशांबद्दल थोडक्यात. औषधनिर्मिती शाखेचे विद्यार्थी जेल आणि क्रीम बनवतात आणि शेवटच्या प्रकरणात सशाच्या पाठीचे केस काढून ते लावतात. ते क्रीम प्रसाधन या वर्गात बसत असेल, म्हणजे चेहऱ्याची चमक, डाग, सुरकुत्या असा दावा असेल, तर २०१४ पासून देशात त्याची प्राण्यांवर चाचणी करायला बंदीच आहे. समितीला ते मंजूर करायचा अधिकारच नाही. औषधी जेल असेल तर आधी अंड्यावरची चाचणी मागा. हॅचरीतून फलित पांढरी लेगहॉर्न अंडी आणायची, ३७.५ अंशांवर उबवायची, नवव्या दिवशी वरचे कवच काढून आतल्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर ०.३ मिलिलिटर नमुना टाकायचा आणि पाच मिनिटे घड्याळ लावून बघायचे: रक्तस्राव कधी, वाहिन्या कधी विरघळल्या, कधी गोठले. तुलनेसाठी ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि सलाइन. जी जेल इथेच दाह करते ती सशावर लावायची गरज उरत नाही.

पाण्यात उंदीर पोहायला लावून नैराश्य मोजायची चाचणी १९७७ ची आहे. उंदीर तरंगत राहिला म्हणजे निराश झाला, की शहाणा होऊन दम वाचवतोय, यावर वाद अजून मिटलेला नाही. त्यावर एम. फार्म.चा प्रबंध उभा करू देऊ नये, एवढेच आमचे मत.

संधिवाताच्या मॉडेलमध्ये मात्र बदल सोपा आहे. पंजात फ्रॉइंडचे ॲडज्युव्हंट हे सूज आणणारे मिश्रण टोचले की उंदीर तीन-चार आठवडे नीट उभा राहत नाही. खाद्याची जाळी वर असते, पाण्याची नळी वर असते, आणि त्याला तिथपर्यंत उठता येत नाही. वजन घटते, विद्यार्थी ते संधिवाताचे लक्षण म्हणून नोंदवतो, प्रत्यक्षात ती उपासमार असते. खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, लांब नळीची बाटली लावा, तूस मऊ आणि जाड घाला. एवढे लिहिलेले नसेल तर प्रस्ताव अपुरा.

आता कोल्हापूरचे म्हणून जे वेगळे आहे त्याबद्दल. प्राणिगृहाची सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत असावी, हा नियम. जुलै-ऑगस्टमध्ये इथे खिडकी उघडली तरी आणि बंद केली तरी तो नियम पाळणे कठीण. भाताचे तूस पोत्यात दमट होते, खाद्याच्या गोळ्यांवर बुरशी धरते. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करते, आणि आपले कितीतरी प्रबंध यकृताच्या संरक्षणावर असतात! पावसाळ्यात खाद्याचा मोठा साठा आणू नये, जो आहे तो घट्ट झाकणाच्या पिंपात, लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावा, तूस ऑटोक्लेव्ह करून कोरडे करून वापरावे. आर्द्रतामापक भिंतीवर असतो; त्याची नोंद वही कोण भरते ते बघा. महिनाभर रोज ५५ टक्के लिहिलेले दिसले, तेही जुलैत, तर ती वही बसून लिहिलेली आहे.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीवर येते, ४३ फुटांना धोक्याच्या. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, रस्ते बंद झाले, शहराचा पाणीपुरवठाही कोलमडला. तुमचे प्राणिगृह पाण्यात जात नसले तरी माणूस तिथे पोचत नाही, हा खरा धोका. म्हणून ३९ फूट हा आकडा प्राणिगृहाच्या दारावर लिहून ठेवा: तो आला की दहा दिवसांचे खाद्य, तूस आणि झाकलेल्या टाकीत पिण्याचे पाणी भरायचे, तळमजल्यावरचे पिंजरे वर न्यायचे, मुक्कामाला कोण राहणार त्याचे नाव ठरवायचे. उंदराला रोज वजनाच्या दर १०० ग्रॅमला १० ते १२ मिलिलिटर पाणी लागते. मधुमेही ग्रुपासाठी कितीतरी जास्त धरा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्ट्रेप्टोझोटोसिन सुरू करायला परवानगीच देऊ नका, हे बरे. दिवाळीच्या सुट्टीलाही तोच नियम लावावा, कारण तेव्हा पूर नसला तरी माणसे नसतात.

२०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण जामनगरच्या वनताराला नेली तेव्हा अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. प्राणिगृहातल्या उंदरासाठी मोर्चा निघणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच नियमांनी आपल्या समितीत विज्ञानाशी संबंध नसलेला, सामाजिक जाणीव असलेला एक सदस्य ठेवला आहे. पण फॉर्म बी इंग्रजीत, बोलणे इंग्रजीत, आणि तो सदस्य बहुतेक वेळा गप्प. ही त्याची चूक नाही. प्रत्येक प्रस्तावाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पान मराठीत मागा: उंदराला काय करणार, त्याला कधी आणि किती दुखणार, दुखले तर काय देणार, किती मरणार, आणि यातून कुणाला काय मिळणार. जो विद्यार्थी हे मराठीत लिहू शकत नाही त्याला तो प्रयोग समजलेला नाही. हे पान त्या बाहेरच्या सदस्याने वाचावे आणि पहिला प्रश्न त्यानेच विचारावा. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नियामक समितीने नेमलेला प्रतिनिधीही हजर असतोच. त्याच्यासाठी जेवणाची सोय करण्याआधी त्याच्या हातात प्राणिगृहाची चावी द्या.

ज्यांना प्राणी न मारता ऊतींवर काम शिकवायचे आहे त्यांच्यासाठी कोल्हापुरात एक सोय आहे जी फार कमी गावांत इतकी हाताशी असते: मटणाचे दुकान. गिनी पिगच्या आतड्याऐवजी शेळीची श्वासनळी वापरून हिस्टामिनचे प्रयोग उत्तम होतात. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचे, कापल्याबरोबर नळी थंड क्रेब्स द्रावणात, म्हणजे ऊतक जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात, टाकून थर्मासमधून आणायची. द्रावण बनवताना कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, पाणी पुरेसे घातल्यावर टाकायचे; बायकार्बोनेटबरोबर आधी टाकले की द्रावण दुधाळ होते आणि पूर्ण बॅच ओतून द्यावी लागते. कूर्चेच्या कड्या सुट्या कापून त्यांची साखळी दोऱ्याने बांधायची, स्नायू मध्ये येईल असे बघायचे, ३७ अंशांवर ४५ मिनिटे स्थिरावू द्यायची, दर १५ मिनिटांनी द्रावण बदलायचे. कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण) मिळाले तर फारच छान. साध्या प्रात्यक्षिकाला माशांच्या टाकीचा हवेचा पंप चालतो. प्रतिसाद आला नाही तर बहुधा दोरा फार ताणलेला असतो किंवा ऊतक उन्हात आलेले असते.

हे बसवून द्यायला, एकाच मॉडेलचे प्रस्ताव एकत्र लावायचा तक्ता करायला आणि मराठी पानाचा नमुना तयार करायला आम्ही कोणत्याही कॉलेजात यायला तयार आहोत, मानधन न घेता. पुढच्या बैठकीची तारीख ठरली की कळवावे. आम्ही बैठकीच्या आधी येऊ, म्हणजे प्राणिगृह आधी बघता येईल.

आपले,
कोल्हापूर परिसरातील काही औषधशास्त्र शिक्षक, पशुवैद्य आणि प्राणिगृह कर्मचारी